सुटीत मोतीचे काय करायचे?

उन्हाळ्याच्या सुट्या लागल्या की बुटीबोरीत मला हमखास विचारतात, "डॉक्टरसाहेब, कुत्र्याला सोबत नेऊ का?" माझे उत्तर बहुधा 'नको' असते, आणि त्यामागे माझीच चूक आहे.

काही वर्षांपूर्वी मे महिन्यात मोतीला घेऊन आम्ही चिखलदऱ्याला निघालो. अमरावतीच्या अलीकडे जेवायला थांबलो. गाडी सावलीत, काचा बोटभर उघड्या. 20 मिनिटांत परतलो तो मोती लाळ गाळीत आडवा, जीभ लालभडक. पशुवैद्य असूनही हे घडले, सांगताना लाज वाटते. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकूनच ते उष्णता बाहेर सोडते. कोंडलेली हवाच तापली की धाप कामी येत नाही. अंगावर पाणी ओतले, वारा घातला, तेव्हा कुठे वाचला. सहल अर्थातच रद्द! मुले आठवडाभर रुसली.

रेल्वेने न्यायचे तर एसी पहिल्या वर्गाचा अख्खा कूपे किंवा केबिन घ्यावी, नाहीतर कुत्रे गार्डाच्या डब्यातील पेटीत. वैदर्भीय उन्हात ती पेटी मी तरी टाळीन.

न्यायचेच असेल तर रेबीजची पहिली लस निघण्याच्या किमान 3 आठवडे आधी टोचलेली हवी. संरक्षण यायला तेवढा काळ लागतो. घरी ठेवणार असाल तर ओळखीच्या माणसाकडे सोपवा, खाणे बदलू नका.

मोती आता शेजारच्या काकूंकडे राहतो. आम्ही परतल्यावर दोन दिवस ढुंकूनही बघत नाही.