फैयाजखाँ: बातमीतले आणि गाण्यातले

परवा गायनाच्या वर्गात एका मुलीने विचारलं, "फैयाजखाँ म्हणजे ज्यांची कबर तोडली तेच ना?" नाव तिला बातमीमुळे माहीत होतं. गाणं तिने कधीच ऐकलं नव्हतं.

आग्रा घराण्याचे उस्ताद फैयाजखाँ आपल्या बडोद्याचे दरबारगायक. १९५० साली ते इथेच गेले. २००२ च्या गुजरात दंगलीत त्यांच्या कबरीची नासधूस झाली आणि त्यांचं नाव देशभरच्या वर्तमानपत्रांत आलं. ती बातमी यायलाच हवी होती. पण तेव्हापासून खाँसाहेब बहुतेक लेखांत हिंदू-मुस्लिम प्रश्नाचं उदाहरण म्हणूनच भेटतात.

असं नेहमी होतं. २०१५ मध्ये शिवसेनेच्या विरोधामुळे पाकिस्तानी गझलगायक गुलाम अलींचा मुंबईतला कार्यक्रम रद्द झाला. मथळ्यांत पाकिस्तान होतं, गझल नव्हती. २०२२ मध्ये लता मंगेशकरांच्या अंत्यदर्शनाला शाहरुख खानने दुवा मागून फुंकर घातली, तर वाद त्या फुंकरीवर! वादाला दोन बाजू लगेच मिळतात, मथळा होतो. रागाचा मथळा होत नाही.

खरं तर खाँसाहेबांचं गाणंच हिंदू-मुस्लिम प्रश्नावर जास्त बोलतं. ध्रुपद अंगाची नोम-तोम आलापी, 'प्रेमपिया' नावाने बांधलेल्या चिजा, ब्रजभाषेतला कृष्ण. मुंबईचे श्रीकृष्ण रातंजनकर बडोद्याला येऊन त्यांच्याकडे शिकले आणि पुढे लखनौच्या संगीत महाविद्यालयाचे प्राचार्य झाले.

खाँसाहेबांचा राग ललत ऐका, मग जयजयवंती. आग्रा घराण्याबद्दल काही विचारायचं असेल तर खाली लिहा, जमेल तसं नक्की सांगेन.