कार्बोरेटरमधला हलता दट्ट्या
एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. हे प्रमाण राखणे हे कार्बोरेटरचे काम. साध्या कार्बोरेटरमध्ये हवेची वाट ठरावीक रुंदीची असते. त्यामुळे इंजिनाचा वेग बदलला की हवेचा वेगही बदलतो आणि प्रमाण बिघडते.

ब्रिटनच्या एस.यू. कार्बोरेटरमध्ये ही वाटच लहानमोठी होते. १९६२ साली आलेल्या एमजीबी या स्पोर्ट्‌स कारच्या १७९८ घन सेंमी इंजिनावर असे दोन कार्बोरेटर होते. हवा जास्त ओढली गेली की दट्ट्या वर सरकतो, वाट रुंदावते आणि हवेचा वेग जवळजवळ स्थिर राहतो. दट्ट्याखालची निमुळती सुईही वर उचलली जाते. पेट्रोललाही जास्त वाट मिळते.

जुळवणी करताना आपण आधी इंजिन गरम करू. रबरी नळी कानाशी धरून दोन्ही कार्बोरेटरांतील हवेचा आवाज ऐकू व तो सारखा करू. मग एक दट्ट्या जेमतेम पाऊण मिलिमीटर उचलू. त्याने जेटवरची ओढ घटते, मिश्रण विरळ होते. इंजिनाचा वेग वाढून तसाच राहिला, तर पेट्रोल मुळात जास्त होते. इंजिन अडखळले, तर कमी. वेग क्षणभर किंचित वाढून पूर्ववत झाला, तर प्रमाण योग्य.

जास्त पेट्रोल अपुरे जळते व कार्बन मोनॉक्साइड वाढतो. या वायूला रंग नाही, वास नाही. बंद गॅरेजमध्ये तो जीव घेतो. म्हणून ही जुळवणी नेहमी उघड्यावरच करावी.