लग्नाचे कर्ज, जन्माची वेठ

माझा एक विद्यार्थी आरे कॉलनीतल्या वारली पाड्यावर राहतो. गेल्या दिवाळीत फराळाचा डबा घेऊन त्याच्या घरी गेलो. वर्गात नुकतीच जोतीराव फुल्यांची 'गुलामगिरी' शिकवून झाली होती. १८७३ सालचे हे पुस्तक गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केलेले आहे, हे मी तिथेही मोठ्या उत्साहाने सांगू लागलो. तलासरीहून आलेली त्याची आजी शांतपणे म्हणाली, "अमेरिकेत कशाला जाता, सर? माझा सासरा लग्नगडी होता."

लग्नगडी म्हणजे लग्नासाठी जमीनदाराचे कर्ज काढून त्याच्याकडे राबणारा गडी. कर्ज काही फिटत नसे. हळद उतरते न उतरते तोच नवरीही वेठीला जुंपली जाई.

अमेरिकेत १८३३ साली फिलाडेल्फियाला गुलामगिरीविरोधी संस्था निघाली. सभा, वर्गण्या, अर्ज, पत्रके यांचा धडाका सुरू झाला. फ्रेडरिक डग्लससारखा पळून आलेला गुलाम व्यासपीठावरून स्वतःची हकिकत सांगू लागला. देशभर गुलामगिरी कायद्याने संपली ती १८६५ साली, यादवी युद्धानंतर.

आमच्या वारल्यांजवळ ना छापखाना, ना अक्षरओळख! १९४५ च्या जानेवारीत त्यांच्यातले काहीजण तिटवाळ्याच्या किसान परिषदेला गेले. शामराव आणि गोदावरी परुळेकर त्यांच्यात जाऊन राहिले. मे महिन्यात झरी गावी हजारो वारली जमले. वेठ करायची नाही, बारा आणे रोजाखेरीज कामाला जायचे नाही, असे ठरले. निरोप तोंडोतोंडी पाड्यापाड्यांत गेला आणि लग्नगडी मालकांची घरे सोडू लागले. १० ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड यांच्यासह पाचजणांचे प्राण गेले. पण मोडलेली भीती पुन्हा जुळली नाही. वेठबिगारी रद्द करणारा देशव्यापी कायदा १९७६ चा. म्हणजे माणसे कायद्याच्या तीस वर्षे पुढे चालली होती!

"सासरे सुटले कसे?" मी विचारले.

"सगळे एकदम निघाले," आजी म्हणाली. "एकटा निघाला असता, तर मारून परत आणला असता."

संस्था कशासाठी काढायची, हे इतक्या थोडक्यात मला वर्गात कधी सांगता आले नव्हते.