इटलीच्या पंगतीतले परके

डिसेंबर 2025 मध्ये दिल्लीच्या लाल किल्ल्यात युनेस्कोच्या समितीची बैठक भरली होती. आपली दिवाळी तिथे मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत गेली. त्याच बैठकीत इटलीची पाककलाही त्या यादीत आली. एखादा पदार्थ किंवा एखादी रीत नव्हे, एका देशाचा अख्खा स्वयंपाक. इटलीत याचा मोठा आनंद झाला आणि तो रास्त होता. पण त्या देशात पन्नास लाखांहून अधिक परदेशी नागरिक राहतात. रोमानिया, मोरोक्को, चीन, बांगलादेश, आपला पंजाब, शिवाय तोस्कानात घर घेऊन राहिलेले इंग्रज आणि अमेरिकन. त्यांच्या तोंडून इटलीबद्दल एकाच दमात दोन गोष्टी ऐकू येतात: इथल्यासारखं जेवण कुठे नाही, आणि इथे राहणं सोपं नाही. मला या दोन्हींचं मूळ एकच वाटतं. इटलीत जेवण हे गावाशी, घराण्याशी, जमिनीशी इतकं घट्ट बांधलेलं आहे की परक्याला पान लगेच वाढलं जातं, मात्र चुलीपाशी जायला त्याची हयात जाते.

इंग्रजी वाचकांच्या मनातली इटली बरीचशी पुस्तकांनी घडवली. फ्रान्सिस मेझ या अमेरिकन लेखिकेचं 'अंडर द टस्कन सन' 1996 मध्ये आलं आणि कोर्तोना हे डोंगरावरचं गाव जगभर पोचलं. डागडुजीला आलेलं जुनं घर, ऑलिव्हची झाडं, उन्हाळ्यातली निवांत जेवणं. त्याआधी चार वर्षं टिम पार्क्सने 'इटालियन नेबर्स' लिहिलं होतं. हा इंग्रज लेखक 1981 पासून व्हेरोनाच्या परिसरात राहिला, तिथे त्याने संसार केला, त्यामुळे त्याच्या इटलीत शेजाऱ्यांच्या कुरबुरी आणि सरकारी कागदपत्रंही आहेत. या सगळ्यांत मला जवळची वाटते ती पेशन्स ग्रे. 1970 पासून ती पुलियाच्या दक्षिण टोकाला खडकाळ माळरानावरच्या घरात राहिली. भोवतालच्या बायकांकडून रानभाज्या ओळखायला शिकली आणि 1986 मध्ये 'हनी फ्रॉम अ वीड' लिहिलं. आज ज्याची वाहवा होते तो इटालियन स्वयंपाक मुळात टंचाईतून आला, हे तिने ओळखलं होतं. शिळा ब्रेड टाकायचा नाही म्हणून तो घेवडा आणि काळपट कोबीच्या पानांबरोबर पुन्हा उकळायचा, यातून तोस्कानाची रिबोलिता झाली. ज्यांच्याकडे मांस नव्हतं त्यांनी कडधान्यांना चव आणली.

नव्याने आलेल्याला जाच होतो तो वेळेचा. दुपारी अडीच-तीनच्या सुमारास खाणावळीचं स्वयंपाकघर बंद होतं, ते संध्याकाळी सात-साडेसातशिवाय उघडत नाही. कॅपुचिनो सकाळची, जेवणानंतर मागितली तर मिळते, पण वाढप्याच्या चेहऱ्यावर नाराजी दिसते. माशाच्या पास्त्यावर चीज मागणं त्याहून वाईट. सुरुवातीला हे सगळं अडेलतट्टूपणाचं वाटतं. मात्र बरीच वर्षं राहिलेले परदेशी हेच नियम घरी आलेल्या पाहुण्याला शिकवू लागतात, आणि तेव्हा त्यांच्या बोलण्यात अभिमान असतो.

या नियमांना देशाचे नियम म्हणणंही फारसं बरोबर नाही. इटली हा देशच 1861 मध्ये एक झाला. पेलेग्रिनो आर्तुसीने 1891 मध्ये फ्लोरेन्समध्ये पदरमोड करून आपलं पाकशास्त्राचं पुस्तक छापलं. पुढच्या आवृत्त्यांमध्ये ठिकठिकाणच्या गृहिणी त्याला पत्रांतून पाककृती कळवत गेल्या आणि पुस्तक वाढत गेलं, तेव्हा कुठे एका प्रांताच्या जेवणाची दुसऱ्या प्रांताला ओळख झाली. तोस्कानाचा ब्रेड आजही अळणी असतो. कवी डान्टे 1302 मध्ये फ्लोरेन्समधून हद्दपार झाला. परागंदा माणसाचं दुःख सांगताना त्याने आपल्या महाकाव्यात परक्याच्या ब्रेडच्या खारटपणाचा उल्लेख केला आहे. आपलं शहर सुटलं की इटालियन माणूससुद्धा परका होतो, ही जाणीव तिथे सातशे वर्षं जुनी आहे.

मराठी माणसाचं या देशाशी नातं अलीकडचं आहे. बारामतीत पियाजिओ आणि रांजणगावला फियाट या इटालियन कंपन्या आल्यापासून पोन्तेदेरा आणि तोरिनो या त्यांच्या गावांची नावं आपल्याकडच्या अभियंत्यांच्या घरांत परकी राहिली नाहीत. मिलानच्या पोलितेक्निकोत आपली मुलं शिकतात. यातल्या शाकाहाऱ्यांची कसोटी वेगळी. पार्मिजानो रेज्जानोसाठी दूध गोठवायला वासराच्या जठरातलं रेनेट लागतं, हे कळल्यावर पास्त्यावर किसलेलं चीज नकोसं होतं. रोमान्या प्रदेशातली पियादिना दिसायला आपल्या पोळीच्या जवळची, पण परंपरेने तिच्या कणकेत डुकराची चरबी मळतात. मग लिग्युरियात किंवा तोरिनोत कधीतरी फारिनाता समोर येते: हरभऱ्याचं पीठ, पाणी, मीठ, ऑलिव्ह तेल, आणि तांब्याच्या मोठ्या परातीत लाकडाच्या भट्टीत भाजलेलं ते खरपूस धिरडं. ते आवडायला कुणाला शिकवावं लागत नाही.

परंपरा म्हणून जे सांगितलं जातं, त्याचं वय मात्र तपासायला हवं. पार्मा विद्यापीठातले इतिहासकार आल्बेर्तो ग्रांदी हेच करत आले आहेत आणि त्यासाठी त्यांनी पुष्कळ रोष ओढवून घेतला आहे. 1954 मध्ये 'ला कुचिना इतालियाना' या मासिकात आलेल्या कार्बोनाराच्या कृतीत लसूण होता आणि ग्रुयेर हे स्विस चीज होतं. आज कुणी तसं केलं तर रोममध्ये गहजब होईल. चाबात्ता हा ब्रेड 1982 मध्ये आद्रिया गावात तयार झाला. टोमॅटो तर मुळात अमेरिकेतला. ग्रांदींचं म्हणणं मला पटतं. जो स्वयंपाक इतकी वर्षं बाहेरचं आपलंसं करत आला, त्यानेच आज दार लावून घ्यावं हे मला खुपतं.

आणि दार लावलं गेलं आहे. 2009 मध्ये लुक्का शहराने तटबंदीच्या आत परदेशी जेवणाची नवी उपाहारगृहं उघडायला बंदी केली. 2017 मध्ये व्हेनिसने कबाबच्या नव्या दुकानांवर बंदी आणली. पर्यटकांच्या लोंढ्यात जुनी शहरं आपली ओळख गमावतात ही भीती खरी आहे, ती मला कळते. पण 1876 ते 1976 या शंभर वर्षांत अडीच कोटींहून अधिक इटालियन पोटासाठी देश सोडून गेले. न्यूयॉर्कने आणि ब्युनोस आयर्सने त्यांच्या खाणावळींना असंच अडवलं असतं, तर पिझ्झा आज जगभर पोचला असता का?

ही कोंडी साहित्यात फार नेमकी आली आहे. सोमाली आईवडिलांची, रोममध्ये जन्मलेली इजाबा स्केगो हिने 2003 मध्ये 'साल्सिच्चे' ही कथा लिहिली. परदेशी लोकांच्या बोटांचे ठसे घेण्याचा कायदा नुकताच झालेला. कथेतली मुस्लिम तरुणी आपलं इटालियनपण सिद्ध करायला डुकराच्या मांसाचे सॉसेज विकत आणते आणि ते खावेत की नाही या घालमेलीत सापडते. अल्जीरियातून आलेल्या आमारा लाखूसच्या 2006 च्या कादंबरीत रोममधला एक इराणी आचारी पिझ्झाचा मनापासून तिटकारा करतो, आणि तेवढ्याने तो भोवतालच्यांच्या नजरेत संशयित ठरतो.

पो नदीच्या खोऱ्यात ही गोष्ट ताटाच्या पलीकडे जाते. ज्या पार्मिजानोचं एक चाक जवळपास चाळीस किलोचं भरतं आणि किमान बारा महिने मुरवावं लागतं, त्यासाठीच्या गाईंची पहाटे आणि संध्याकाळी धार काढणारे हात आज मोठ्या प्रमाणावर पंजाबी आहेत. स्थानिक तरुणांनी सोडलेलं हे काम त्यांनी उचललं. नोव्हेल्लारा गावात 2000 साली त्यांचा मोठा गुरुद्वारा उभा राहिला आणि गावाने त्यांना सामावून घेतलं. दक्षिणेला लातिनाच्या शेतांवर चित्र वेगळं आहे. तिथे जून 2024 मध्ये एका पंजाबी शेतमजुराचा हात यंत्रात तुटला. त्याला दवाखान्यात न नेता घराबाहेर सोडून दिलं गेलं आणि तो दगावला. मजुरांची दलाली रोखणारा कायदा देशात 2016 पासून आहे, तरीही हे घडलं. अशा मजुरांना नागरिक होणंही सोपं नाही: युरोपीय संघाबाहेरून आलेल्याला नागरिकत्वाचा अर्ज करायला दहा वर्षांचं वास्तव्य लागतं. ही मुदत पाच वर्षांवर आणण्यासाठी जून 2025 मध्ये सार्वमत झालं, पण पुरेसे मतदारच आले नाहीत म्हणून ते रद्द ठरलं.

तरीही हा देश नुसता कठोर आहे असं म्हणणं अन्यायाचं होईल. 2018 मध्ये लोदी शहरात, त्याच दुधाच्या पट्ट्यात, नगरपालिकेने शाळेतल्या सवलतीच्या जेवणासाठी परदेशी पालकांकडे नवे कागद मागितले: मायदेशात आपली मालमत्ता नाही याचा तिथल्या सरकारचा दाखला. तो मिळवणं बहुतेकांच्या आवाक्याबाहेर होतं. पूर्ण दर परवडेना, म्हणून कित्येक मुलं शाळेच्या पंगतीतून उठली आणि घरून आणलेला डबा वेगळं बसून खाऊ लागली. बातमी पसरली तशी देशभरातल्या लोकांनी वर्गणी काढली, मुलांच्या जेवणाचे पैसे भरले, आणि मुलं आपल्या वर्गमित्रांशेजारी पुन्हा बसली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मिलानच्या न्यायालयाने तो नियम भेदभाव करणारा ठरवला आणि नगरपालिकेला तो बदलायला सांगितलं.