आधी मिनिटभर मोजा

तान्ह्या बाळाला किंवा नव्वदीच्या आजींना हाताळताना नव्या सिस्टरचे हात कापतात, यात नवल नाही. कुठं दुखतंय ते दोघंही धड सांगत नाहीत. त्यात तापही दगा देतो: आत मोठा संसर्ग असून अंग गारच लागू शकतं. 'होईल हळूहळू सवय' हा वॉर्डातला ठरलेला दिलासा मला अपुरा वाटतो. काय बघायचं ते पक्कं माहीत असलं, की धीर आपोआप येतो.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'ने हे करून दाखवलं. साठपर्यंत मोजता न येणाऱ्या सुईणींसाठी तिथं मणी आणि वाळूचं घड्याळ असलेला श्वासमापक तयार झाला. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. मिनिटाची वाळू संपायच्या आत लाल मण्याची पाळी आली, तर न्यूमोनियाचा संशय. पुढे गावातल्याच बाया आरोग्यदूत झाल्या. 1999 साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या अभ्यासात, तुलनेच्या गावांशी ताडून पाहता, त्यांच्या 39 गावांत नवजात मृत्यूंमध्ये 62 टक्के घट दिसली. 2011 पासून आशाताईंच्या घरभेटींतून ही पद्धत देशभर गेली.

मोजण्याचीही रीत आहे. बाळ शांत हवं, दूध पीत नको. झबलं वर करून पोटाकडे बघायचं. पोट वर जाऊन खाली आलं की एक. तान्ह्यांचा श्वास मध्येच काही सेकंद थबकतो, म्हणून पंधरा सेकंद मोजून चारनं गुणायचं नाही, मिनिट पुरं करायचं. साठ किंवा वर आकडा आला, तर पुन्हा मोजायचं.

म्हाताऱ्या माणसांत पहिली खूण बऱ्याचदा बोलण्या-वागण्यात दिसते. कालपर्यंत हिशेब सांगणाऱ्या आजी आज सुनेला ओळखत नाहीत, दिवसभर पेंगतात. घरचे म्हणतात, 'वय झालं.' पण एका दिवसात वय होत नाही! लघवीचा किंवा छातीचा संसर्ग, पाणी कमी पडणं, नवी गोळी, यांतलं काहीही असू शकतं. म्हणून नातेवाइकांना पहिला प्रश्न: 'काल कशा होत्या?' लक्ष टिकतंय का हे बघायला महिने उलटे म्हणवून घेतात. माझ्या मते डिसेंबर-नोव्हेंबरपेक्षा फाल्गुन-माघ विचारावेत.

मग डॉक्टरांना फोन. 'बाळ बरं वाटत नाही' म्हटलं की पलीकडून उलटे प्रश्न येतात. 'श्वास दोनदा मोजले, 64 आणि 66, सकाळपासून दूध ओढत नाही' म्हटलं, की डॉक्टर निघतात.