दंडात बेडूक की उंदीर?

शर्टाची बाही खांद्यापर्यंत वर सरकवा. मूठ घट्ट आवळा आणि हात कोपरात दुमडा. दंडावर टुण्णकन एक गोळा वर आला ना? त्याला आपण काय म्हणतो? बेडकुळी! कातडीखाली बेडूक दबा धरून बसलाय आणि आत्ता उडी मारणार, असं कधीतरी कुणाला तरी वाटलं असणार.

आता गंमत ऐका. प्राचीन रोममधल्या लोकांना तिथे बेडूक नाही, उंदीर दिसला. कातडीखाली इकडून तिकडे पळणारा! त्यांच्या लॅटिन भाषेत 'मुस्क्युलुस' म्हणजे छोटा उंदीर, आणि तेच स्नायूचं नाव झालं. त्यावरूनच इंग्रजीतला 'मसल' आला. म्हणजे जिममधला दादा दंड फुगवून "मसल्स बघ माझे" म्हणतो, तेव्हा तो खरं तर "माझे छोटे उंदीर बघ" असंच म्हणत असतो!

एका गोष्टीत दुसरी दिसली की माणसाला राहवत नाही, तो बोलून टाकतो. मराठीच्या तासाला आपण त्याला उपमा आणि रूपक म्हणतो. (खायचा उपमा वेगळा, तो डब्यात!) इंग्रजीच्या तासाला तेच दोघे सिमिली आणि मेटाफर होऊन येतात.

त्यांना ओळखायचं कसं? समजा, तुम्ही लिहिलंत, 'माय ब्रदर ईट्स लाइक अ मिक्सर.' माझा भाऊ मिक्सरसारखा खातो. यात 'लाइक' आहे, म्हणजे आपला 'सारखा'. ही झाली सिमिली. भाऊ भाऊच राहिला, मिक्सर ओट्यावरच राहिला, आपण फक्त दोघांना शेजारी उभं केलं. आता म्हणा, 'माय ब्रदर इज अ मिक्सर.' 'सारखा' गेला आणि भाऊच मिक्सर झाला! हा मेटाफर. 'लाइक'ऐवजी कधी 'ॲज' येतो. 'बिझी ॲज अ बी' हीसुद्धा सिमिलीच.

पण सावध हं! 'लाइक' दिसला की सिमिली, असं नसतं. 'आय लाइक मँगोज' ही नुसती आवड झाली. 'आय लुक लाइक माय मामा' हीसुद्धा सिमिली नाही. तुमचं आणि मामाचं नाक खरोखरच एकसारखं आहे, त्यात नवल ते काय? सिमिलीला दोन अगदी वेगळ्या जातीच्या गोष्टी लागतात आणि त्यांना बांधणारा एक धागा लागतो. भाऊ आणि मिक्सर यांच्यातला धागा कोणता? आत टाकलेलं सगळं क्षणात फस्त, आणि वर आवाज!

'मेटाफर' हा शब्द मूळचा ग्रीक. त्याचा अर्थ इकडून तिकडे वाहून नेणं. आजही ग्रीसमध्ये घरसामान हलवणाऱ्या ट्रकवर 'मेताफोरेस' असं लिहिलेलं दिसतं. मेटाफर म्हणजे असा टेम्पोच. तो मिक्सरची घरघर उचलतो आणि भावाच्या ताटापाशी नेऊन उतरवतो.

काही टेम्पो शेकडो वर्षांपूर्वी सामान उतरवून मोकळे झालेत. आपण ते शब्द रोज वापरतो, पण आतलं चित्र विसरून गेलोय. 'विंडो' घ्या. हा शब्द आला व्हायकिंग लोकांच्या जुन्या नॉर्स भाषेतून, आणि त्याचा मूळ अर्थ 'वाऱ्याचा डोळा'. आपला 'गवाक्ष' शब्द फोडून बघा. गो म्हणजे गाय, अक्ष म्हणजे डोळा. कुठे ते थंडीत कुडकुडणारे व्हायकिंग आणि कुठे आपण, पण भिंतीतल्या भोकात दोघांनाही डोळाच दिसला!

शास्त्रज्ञही यात मागे नाहीत. रॉबर्ट हूकने बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तेव्हा त्याला ओळीने चिमुकल्या खोल्या दिसल्या. 1665 साली छापलेल्या पुस्तकात त्याने त्यांना 'सेल' म्हटलं. सेल म्हणजे छोटी खोली. पुढे 1964 साली अमेरिकेत डग्लस एंगलबार्ट आणि बिल इंग्लिश यांनी संगणकासाठी एक लाकडी डबी तयार केली. तिला शेपटीसारखी वायर होती. झालं, नाव पडलं 'माउस'. पुन्हा उंदीरच!

मेंदूलाही ही चित्रं जाणवतात बरं का. 2012 साली अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठातल्या संशोधकांनी काही जणांना स्कॅनरमध्ये झोपवून वाक्यं ऐकवली. दिवस वाईट गेला, हे सांगायला इंग्रजीत 'रफ डे' म्हणतात, म्हणजे खरखरीत दिवस. असं वाक्य ऐकल्यावर मेंदूचा जो भाग जागा झाला, तोच भाग हाताने खरखरीत-गुळगुळीत चाचपतानाही काम करतो. साध्या शब्दांत तेच सांगितल्यावर मात्र तो तसा जागा झाला नाही.

मग निबंधात तयार सिमिली ठोकून दिल्या तर? 'कूल ॲज अ ककंबर' घ्या. काकडीत जवळजवळ 95 टक्के पाणी असतं, ती हाताला गार लागते, म्हणून शांत डोक्याच्या माणसाला इंग्रजीत काकडीसारखा गार म्हणतात. पण मराठीत "काका काकडीसारखे गार पडले" म्हणालात, तर घरचे डॉक्टरांना फोन करतील! तसंच 'व्हाइट ॲज स्नो'. विदर्भातल्या कितीशा मुलांनी बर्फ पडताना पाहिलाय? त्यांनी पाहिलंय ते उन्हात फुटलेलं कापसाचं बोंड. मग तेच लिहा ना! वाचणाऱ्याला पांढरा रंग तर दिसेलच, शिवाय बोटांना मऊही लागेल.

हे सगळं मी परवा माझ्या भाच्याला सांगितलं आणि म्हटलं, "रोमन लोकांना उंदीर दिसला, आपल्याला बेडूक. तुला काय दिसतंय?"

त्याने मूठ आवळली. दंडाकडे बघितलं, मग गॅसवर टम्म फुगत असलेल्या फुलक्याकडे बघितलं आणि ओरडला, "माय मसल इज अ फुलका!"

पहिल्या नंबरचा मेटाफर! पण तेवढ्यात हात दमला, मूठ सुटली आणि फुलक्यातली वाफ निघून गेली.