बोनस केव्हां गुंतवावा?

श्रोतेहो, वर्षाअखेर हातीं येणारा बोनस केव्हां गुंतवावा, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. कोठें गुंतवावा याविषयीं सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. केव्हां, या प्रश्नाचा विचार मात्र फारसा कोणी करीत नाहीं. दिवाळीच्या तोंडावर रक्कम खात्यांत जमा होते. सण आटोपला म्हणजे पाहूं, असा बेत ठरतो. सण आटोपतो, नाताळ येतो, संक्रांत जाते, आणि मार्च महिन्यांत पासबुक उघडून पाहावें तर निम्मी रक्कम कोठें गेली याचा हिशेब घरांत कोणालाच देतां येत नाहीं. चैन झालेली नसते, चोरी झालेली नसते. नुसती दिरंगाई झालेली असते.

या दिरंगाईच्या मुळाशीं एक गैरसमज आहे. बोनस म्हणजे मालकानें खुशीनें दिलेलें बक्षीस, तें हातीं आलें तसें गेलें तरी चालेल, असें पुष्कळांना वाटतें. इतिहास निराळें सांगतो. मुंबईच्या कापडगिरण्यांत १९१७ सालीं, पहिल्या महायुद्धाच्या महागाईंत, पगारावर शेंकडा दहा याप्रमाणें युद्ध-बोनस देण्यास प्रारंभ झाला. पुढें कांहीं वर्षें वार्षिक बोनस मिळत गेला. १९२३ सालचा बोनस नाकारण्यांत आला, तेव्हां १९२४ च्या आरंभीं दीड लाखांवर गिरणीकामगार संपावर गेले. मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश सर नॉर्मन मॅक्लिऑड यांच्या अध्यक्षतेखालील समितीनें, बोनसवर कामगारांचा कायदेशीर हक्क पोंचत नाहीं, असा निर्वाळा दिला आणि दोन महिन्यांची उपासमार सोसून ते कामावर परतले. हा हक्क देशभर कायद्यानें मान्य होण्यास १९६५ साल उजाडावें लागलें. आज पात्र कामगारांसाठीं किमान बोनस शेंकडा ८.३३, म्हणजे हिशेबास धरलेल्या वार्षिक पगाराचा बरोबर बारावा हिस्सा, आणि कमाल शेंकडा २० अशी मर्यादा आहे. ज्या रकमेसाठीं आपल्या आजोबा-पणजोबांनीं चुली बंद ठेवल्या, ती आपल्या श्रमाचीच कमाई होय. तिचा हिशेब पगाराइतकाच काटेकोरपणें झाला पाहिजे.

शाळेंत व्याजाचीं उदाहरणें शिकवितांना मी मुलांना सांगत असें कीं, मुद्दल, दर आणि मुदत यांपैकीं एक जरी ठाऊक नसेल तरी व्याज काढतां यावयाचें नाहीं. मोठीं माणसें नेमकी मुदत विसरतात. मुद्दल किती हें त्यांना पाठ असतें, दर ते चार ठिकाणीं विचारून येतात. पण हा पैसा मला परत केव्हां लागणार, हें स्वतःला विचारीत नाहींत. केव्हां गुंतवावा याचें उत्तर केव्हां लागणार या प्रश्नांत आहे, आणि तें आपल्या घरांतच शोधावें लागतें.

उदाहरण घेऊं. एका कारखान्यांतील कामगाराला कर वजा जातां ४०,००० रुपये बोनस हातीं पडला. त्याच्या क्रेडिट कार्डावर १५,००० रुपये देणें आहे, जून महिन्यांत मुलीच्या कॉलेजची १०,००० रुपये फी भरावयाची आहे, आणि सणासाठीं ५,००० रुपये त्यानें बाजूस काढले आहेत. उरले १०,०००. आतां प्रत्येक रकमेची मुदत पाहावी.

कार्डाच्या देण्याची मुदत आजच संपलेली आहे असें समजावें. दरमहा शेंकडा ३ व्याज असेल, तर १५,००० रुपयांवर महिन्याला ४५० रुपये जातात. तेच १५,००० रुपये शेंकडा ७ व्याजानें बँकेंत ठेवले, तर महिन्याला ८७ रुपये ५० पैसे मिळतात. एका हातानें ८७ रुपये घेऊन दुसऱ्या हातानें ४५० देणारा मनुष्य बचत करीत आहे, असें कोण म्हणेल? जबर व्याजाचें कर्ज फेडणें हीच पहिली गुंतवणूक होय, आणि ती बोनस जमा झाला त्याच दिवशीं करावी.

मुलीची फी सातआठ महिन्यांनीं लागणार. या रकमेला बँकेची अल्पमुदतीची ठेव योग्य. ठेवीची मुदत फीच्या तारखेच्या आधीं संपेल अशीच निवडावी. कारण मुदतीपूर्वीं ठेव मोडली तर ठरलेलें व्याज बहुधा पुरतें मिळत नाहीं. हा पैसा शेअरबाजारांत घालूं नये, मग बाजार कितीहि तेजींत असो.

राहिले १०,००० रुपये, जे पंधरा वर्षें लागणार नाहींत. त्यांच्यासाठीं दोन मार्ग सांगतों. पहिला मार्ग सार्वजनिक भविष्यनिर्वाह निधीचा, ज्याला सारे जण पी. पी. एफ. म्हणतात. १९६८ पासून चालत आलेल्या या योजनेंत व्याजाचा एक नियम ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. पांच तारखेच्या अखेरीपासून महिनाअखेरपर्यंत खात्यांत जी कमींत कमी शिल्लक असेल, तिच्यावरच त्या महिन्याचें व्याज आकारतात. पांच नोव्हेंबरपर्यंत पैसे भरले तर मार्चअखेरपर्यंत पांच महिन्यांचें व्याज लागतें. सहा तारखेस भरले तर एक महिना बुडाला. आणि करांत सूट मिळविण्यासाठीं ३१ मार्चला धांवपळ करून भरले तर पांचहि महिने बुडाले. शेंकडा ७ या दरानें १०,००० रुपयांवर हें नुकसान सुमारें २९२ रुपये होतें. रक्कम लहान वाटेल. पण दरवर्षीं तीच चूक होत राहिली, तर पंधरा वर्षांत चक्रवाढीसह ती बरीच मोठी होते.

दुसरा मार्ग शेअरबाजाराचा, प्रत्यक्ष किंवा म्युच्युअल फंडाच्या द्वारें. येथें केव्हां हा प्रश्न सर्वांना फार छळतो. मुंबईच्या शेअरबाजारांत १९५७ पासून लक्ष्मीपूजनाला मुहूर्ताचे सौदे होतात. परंपरा म्हणून ते गोड आहेत, पण भाव पंचांग पाहून चढत नाहींत. जानेवारी २००८ मध्यें सेन्सेक्स २०,८०० च्या वर होता. मार्च २००९ मध्यें तो ८,२०० च्या खालीं आला, आणि जुनी पातळी गांठण्यास त्याला नोव्हेंबर २०१० पर्यंत अवधि लागला. उलट २०२० मध्यें जानेवारींत ४२,००० च्या आसपास असलेला निर्देशांक २३ मार्चला २६,००० च्या खालीं गेला व नोव्हेंबरांत पुन्हां ४२,००० च्या पार झाला. एका पडझडीची भरपाई व्हावयास जवळजवळ तीन वर्षें लागलीं, दुसरीची दहा महिन्यांत झाली. कोणती कशी ठरणार, हें आधीं कोणास सांगतां आलें नव्हतें. तेव्हां पांच वर्षांच्या आंत लागणारा पैसा या बाजारांत घालणें धोक्याचें.

ज्याची मुदत लांब आहे, त्यानें तळ गांठला जाण्याची वाट पाहत बसूं नये. बाजार दीर्घकाळांत चढत आला असल्यामुळें, थांबणारापेक्षां लवकर घालणाराला बहुधा अधिक मिळालें आहे. परंतु सारी रक्कम घालतांच भाव कोसळले तर ज्याची झोंप उडेल आणि जो घाबरून तोट्यांत विकून टाकील, त्यानें रकमेचे सहा समान भाग करावे व दरमहा एकाच ठराविक तारखेस एकेक भाग घालावा. त्यांत कदाचित् चार पैसे कमी मिळतील. मनाचा तोल राखण्याची ती किंमत समजावी. मात्र तारखा आरंभींच लिहून ठेवाव्या. या महिन्यांत भाव चढे आहेत, पुढच्या महिन्यांत पाहूं, असें म्हणूं लागलों कीं दिरंगाई निराळा वेष घेऊन पुन्हां घरांत शिरते.

श्रोतेहो, शेवटीं एकच विनंति. यंदा बोनस जमा होण्याच्या आठ दिवस आधीं घरांतल्या सर्वांनीं एकत्र बसावें. कागदावर तीन रकाने आंखावे: आज द्यावयाचें देणें, तीन वर्षांच्या आंत लागणारा पैसा, आणि त्यानंतर लागणारा. सणाचा खर्चहि पहिल्या रकान्यांत मोकळ्या मनानें लिहावा. मुलांच्या हातीं फराळ आणि फुलबाजी देणें हेंहि देणेंच आहे. मग प्रत्येक रकमेपुढें ती कोठें व कोणत्या तारखेस जाणार, तें मांडावें. पैसा येण्यापूर्वीं घेतलेला निर्णय शांत डोक्यानें होतो. तो कागद तयार असला म्हणजे बोनस केव्हां गुंतवावा हें कोणाला विचारावें लागणार नाहीं. तारीख समोर लिहिलेलीच असेल.